मानवी भूगोलाची वाटचाल : तापीकाठावरून पाहताना



मराठीच्या प्राध्यापकाने भूगोलावर व्याख्यान द्यावे, हा काहींना अधिकाराचा अतिक्रम वाटेल. परंतु भूगोलाच्या ज्या शाखेविषयी मला बोलावयाचे आहे, तिची सामग्री दीर्घकाळ भूगोलाच्या पुस्तकांबाहेरच पडून होती. पोथ्या, प्रवासवर्णने, ग्रामनामे, बाजारहाटाची वर्णने, बोलींच्या नोंदी यांत ती विखुरलेली होती, आणि यांपैकी बरीचशी पुस्तके आम्हा भाषावाल्यांच्या कपाटात होती. तेव्हा शेजाऱ्याच्या अंगणात डोकावण्याचा थोडा हक्क मला आहे असे मी समजतो.

शाळेत आपण जो भूगोल शिकतो त्यात नद्या कोठून उगम पावतात, पाऊस किती पडतो, कोणते पीक कोठे येते हे सांगितलेले असते. माणूस त्यात असतो, पण धड्याच्या शेवटी, ‘लोकजीवन’ या मथळ्याखाली, चार ओळींत. मानवी भूगोल या विषयाचा इतिहास म्हणजे त्या शेवटच्या चार ओळी हळूहळू धड्याच्या मध्यभागी कशा आल्या, त्याची हकीकत आहे. हा प्रवास सरळ नव्हता. मध्यंतरी हे शास्त्र एका सोप्या उत्तराच्या मोहात सापडले. जशी जमीन तसा माणूस, आणि जसे हवामान तसे त्याचे नशीब, असे ते उत्तर होते. त्या मोहातून ते बाहेर कसे आले हे समजून घेण्यासाठी सुरतेइतके सोयीचे गाव क्वचित असेल, कारण या सभागृहातील बहुतेकांच्या घराण्याच्या प्रवासालाही आपण नेमके तेच सोपे उत्तर देत असतो. ‘तिकडे पाऊस नाही, म्हणून इकडे आलो.’ हे उत्तर खोटे नाही. ते पुरेसे आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

आरंभ मात्र जवळच्या भडोचपासून करू. महानुभाव परंपरेप्रमाणे श्रीचक्रधर हे मूळचे भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले, ऋद्धिपुरी गोविंदप्रभूंना भेटले आणि पुढचे आयुष्य त्यांनी गोदावरीच्या खोऱ्यात व वऱ्हाडात भ्रमण करण्यात घालविले. आपल्या शिष्यांनी महाराष्ट्रातच राहावे, कानडी-तेलंगी मुलखात जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता. एका गुजराती माणसाने मराठी लोकांना महाराष्ट्र सोडू नका म्हणून सांगावे, यातली गंमत सुरतेच्या मराठी श्रोत्यांना अधिक कळेल. त्यांच्या पश्चात अनुयायांनी ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. स्वामी कोणत्या गावी उतरले, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, पलीकडे नदी की मळा, अशा नोंदी त्यात ओळीने येतात. काव्य म्हणून ही पोथी रूक्ष आहे. विद्यार्थ्यांना ती शिकविणे हे कष्टाचे काम असते. पण तिच्यातील स्थान हे केवळ अंतर व दिशा यांनी ठरत नाही, तेथे कोणीतरी राहून गेला म्हणून ते स्थान होते. नुसता अवकाश आणि माणसाने आपलासा केलेला ठिकाणा यांतील भेद यी-फू तुआन या अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या चिनी वंशाच्या भूगोलज्ञाने १९७० नंतरच्या दशकात मोठ्या मार्मिकपणे मांडला, आणि तो आता पाठ्यपुस्तकांत गेला आहे. आमच्या पोथीकारांनी तो सिद्धान्त म्हणून मांडला नाही; त्यांनी तो गृहीत धरला.

शास्त्र म्हणून या विषयाची उभारणी जर्मनीत झाली. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि कार्ल रिटर हे आधुनिक भूगोलाचे दोन आद्य पुरुष मानले जातात. एक जगभर हिंडलेला, दुसरा बर्लिनच्या विद्यापीठात शिकविणारा. दोघेही १८५९ साली निवर्तले, आणि त्याच वर्षी डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा केवळ योगायोग. पण पुढच्या पिढीतील फ्रीडरिश राट्झेल मूळचा प्राणिशास्त्रज्ञ होता आणि त्याच्या विचारावर डार्विनची छाया स्पष्ट आहे. १८८२ मध्ये त्याने ‘मानव-भूगोल’ अशा अर्थाचे नाव असलेल्या ग्रंथाचा पहिला खंड काढला, दुसरा १८९१ मध्ये. विषयाला स्वतंत्र नाव मिळाले ते येथे. वनस्पती व प्राणी जसे आपल्या परिसराशी जुळवून घेतात, तसे मनुष्यसमूहही घेतात, हा त्याचा मूळ विचार. खुद्द राट्झेलची मांडणी पुष्कळ सावध होती. त्याची अमेरिकन शिष्या एलन सेंपल हिने १९११ मध्ये आणि एल्सवर्थ हंटिंग्टनने १९१५ मध्ये ती अधिक धीटपणे, किंबहुना अधिक बेफिकिरीने मांडली. समशीतोष्ण हवामानातच थोर संस्कृती निपजतात, असे हंटिंग्टनचे म्हणणे. थोर कोणाला म्हणावे हे ठरविणारा स्वतः समशीतोष्ण हवामानात बसला होता, हे सांगावयास नको.

या विचाराला आपणही मोठ्या आनंदाने जवळ केले. सह्याद्री राकट, म्हणून मावळा राकट, हे वाक्य आपण किती भाषणांतून ऐकले आहे! न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात डोंगर, किल्ले आणि जमिनीचा पोत यांना योग्य ते स्थान दिले, पण त्यांचा खरा भर होता संतांच्या चळवळीवर आणि लोकांच्या संघटनेवर. पुढच्या वक्त्यांनी डोंगर तेवढे उचलले. डोंगर तर रानड्यांच्या आधीही होते आणि मराठी राज्य बुडाल्यावरही जागचे हलले नाहीत. मग एकाच डोंगराने कधी राज्य निर्माण करावे व कधी करू नये, याचे उत्तर डोंगराजवळ नसते.

फ्रान्समध्ये हाच आक्षेप शास्त्रीय पद्धतीने घेतला गेला. व्हिदाल द ला ब्लाश (१८४५–१९१८) याचे म्हणणे असे की निसर्ग आज्ञा करीत नाही, तो अनेक शक्यता पुढे ठेवतो. त्यांतून कोणती निवडावयाची हे त्या समाजाची जीवनपद्धती, त्याची अवजारे, त्याच्या सवयी ठरवितात. लुसिएन फेव्र या इतिहासकाराने १९२२ मध्ये या भूमिकेचा जोरदार पुरस्कार केला आणि तिला ‘शक्यतावाद’ हे नाव रूढ झाले. जर्मनीत मात्र उलटे घडले. राट्झेलच्याच ‘जीवनावकाश’ या कल्पनेला राजकारणाने उचलले आणि तिचा शेवट कशात झाला हे आपण जाणतो.

त्याच जर्मनीत, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, एक मराठी विद्यार्थिनी बर्लिनला संशोधन करीत होती. इरावती कर्वे. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. इरावतीबाईंना विषय मिळाला तो कवट्यांच्या मोजमापाचा. गोऱ्या माणसाच्या कवटीची असमानता अधिक, आणि म्हणून बुद्धी अधिक, असे काहीतरी त्यातून निघावे ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी मोजले, आणि वंशाचा व त्या असमानतेचा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष लिहिला. परदेशात, एकटीने, परीक्षक समोर असता हे लिहिण्यास काय लागले असेल याची कल्पना संशोधन केलेल्यांना येईल. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या, भूगोलज्ञ नव्हेत. पण महाराष्ट्राच्या मानवी भूगोलाला त्यांच्याइतके कोणी दिलेले नाही. त्यांच्याकडे पुन्हा येऊ.

तत्पूर्वी आपल्याकडील दोन धारा पाहिल्या पाहिजेत. पहिली सरकारी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सुरत व भडोचविषयीचा दुसरा खंड १८७७ साली निघाला, खानदेशाचा बारावा खंड १८८० साली. संपादक एकच, जेम्स कॅम्बेल, आणि आराखडाही एकच. आधी भूवर्णन, मग उत्पादन, मग लोकसंख्या, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास. या खंडांतील माहितीचे ऋण कोणीही नाकारू शकणार नाही. आजही संशोधक त्यांच्यावाचून पाऊल टाकत नाही. तथापि त्यांत माणूस जातवार येतो, प्रत्येक जातीला एक-दोन विशेषणे चिकटविलेली असतात, आणि बोलणारा नेहमी अधिकारी असतो. शिवाय एक अडचण या आराखड्यातच होती. सुरत एका खंडात, खानदेश दुसऱ्या खंडात. दोहोंमधून वाहणारी तापी पृष्ठसंख्येच्या हिशेबात वाटली गेली. सुरतेहून अमळनेरकडे जाणारी तापी खोऱ्यातील रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. ज्या हालचालीतून आजची सुरत घडली, ती दोन खंडांच्या मधल्या फटीत राहिली.

दुसरी धारा देशी लेखकांची. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, नारायण विष्णु जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ चे. याच दशकात या नगरीच्या कवी नर्मदानेही सुरतेची संक्षिप्त हकीकत गुजरातीत लिहिली. या तिघांनीही आपल्या शहराकडे अधिकारी म्हणून नव्हे तर रहिवासी म्हणून पाहिले. माडगांवकरांच्या पुस्तकात विहिरी आहेत, बाजार आहेत, जत्रा आहेत आणि पोटासाठी मुंबईत येऊन पडलेली नाना जातींची, नाना प्रांतांची माणसे आहेत. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गांव-गाडा’ आला. बलुतेदार, अलुतेदार, आठवड्याचा बाजार आणि गावावरून गावाला फिरणारे फिरस्ते, यांचा परस्परसंबंध आत्र्यांनी दाखविला. फिरस्त्यांविषयीची त्यांची भाषा आज कठोर वाटते; वाटावीही. पण गाव हे चार शिवांच्या आत मिटलेले नसते, वाटांनी ते इतर गावांशी बांधलेले असते, हे मराठीत इतक्या तपशिलाने त्यांच्याआधी कोणी लिहिले नव्हते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ग्रामनामांवरून महाराष्ट्रातील वसाहतीचा माग काढण्याचा जो उद्योग केला, तोही याच जातीचा. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती मान्य होण्यासारख्या नाहीत, हे भाषेचा अभ्यासक म्हणून मला सांगितलेच पाहिजे. दिशा मात्र योग्य होती.

स्वातंत्र्यानंतर भूगोलाने विद्यापीठांत मूळ धरले. प्रा. सी. डी. देशपांडे यांचा पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राचा भूगोल १९७१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. जगात त्या वेळी आकड्यांची लाट आली होती. जर्मनीतील वाल्टर क्रिस्टालरने १९३३ मध्ये मांडलेला केंद्रस्थानांचा सिद्धान्त, म्हणजे लहान बाजारगावे आणि मोठी शहरे एका ठरावीक अंतररचनेत का वसतात याची मीमांसा, सर्वत्र वापरली जाऊ लागली. सपाट मैदान आणि सगळ्यांची सारखी क्रयशक्ती असे त्यात धरावे लागते. आपल्याकडे दोन्ही नसल्याने हा सिद्धान्त लावताना बरीच ओढाताण झाली. इरावतीबाईंनी हेमलता आचार्य यांच्यासह आठवडे बाजारांचा अभ्यास केला तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी बाजाराला येणाऱ्यालाच विचारले की तू कोठून आलास, काय आणलेस, काय नेतोस आणि कोणाला भेटलास. बाजारात माणूस मिठामिरचीसाठी येतो तसा सोयरिकीसाठीही येतो, हे अंतराच्या सूत्रात बसत नाही.

वारीवरील त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखातही हीच दृष्टी आहे. १९६२ मध्ये इंग्रजीतून तो जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेला. दिंड्या ज्या ज्या मुलखातून पंढरीकडे निघतात तो मुलूख म्हणजे महाराष्ट्र, अशी ओळख त्यांना चालता चालता पटली. भाषावार प्रांतरचनेचा वाद पेटलेल्या काळात प्रदेशाची ही व्याख्या किती वेगळी होती! आणि त्याच वाटेवर, एकाच विठ्ठलाकडे चाललेल्या दिंड्यांत जातीची जेवणे वेगळी पडलेली पाहून त्यांना झालेले दुःखही त्यांनी लपविले नाही. प्रदेश जोडणारी वाट माणसांना जोडतेच असे नाही.

प्रदेशाची सीमा आखणे हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा स्वतंत्र खंड १९०५ चा. पण खानदेशी त्यात नाही. ती १९०७ च्या दुसऱ्या एका खंडात भिल्ली बोलींच्या सोबत आहे. आजही जनगणना ‘खानदेशी’ ही वेगळी भाषा धरते आणि अहिराणी व डांगी तिच्याखाली मोजते. २०११ मध्ये ही संख्या सुमारे १८ लाख ६० हजार होती. घरात अहिराणी बोलणारा पण मातृभाषा विचारल्यावर ‘मराठी’ सांगणारा माणूस या संख्येत येत नाही, आणि असे किती असतील ते आपण सगळे जाणतो. १ मे १९६० रोजी डांग जिल्हा गुजरातेत गेला. त्याआधी डांगी मराठी की गुजराती यावर दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. डांगच्या माणसाला बाजार कोणता, सोयरीक कोठे, देव कोणता हे विचारण्याची निकड तेव्हा थोड्यांनाच भासली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. दक्षिण गुजरातेत १९६२ पासून वर्षानुवर्षे येऊन राहणारे एक डच अभ्यासक आहेत, यान ब्रेमन. बारडोली परिसरातील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवरील त्यांचा अभ्यास १९७८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. दिवाळीनंतर खानदेशातून मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी येतात. त्या जोडप्याला माणसाचे नाव नसते, त्याला ‘कोयता’ म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर ती परत जातात. का येतात? राट्झेलच्या शिष्यांना विचारले असते तर त्यांनी पर्जन्यमानाचा नकाशा पुढे केला असता : इकडे हिरवे, तिकडे पिवळे, माणूस पिवळ्यातून हिरव्याकडे सरकतो. ब्रेमन यांनी नकाशा बाजूला ठेवून पाहिले तेव्हा दिसले की ज्या हिरव्या मुलखात खानदेशी मजूर येतात, त्याच मुलखातले भूमिहीन हळपती कामाच्या शोधात बाहेर पडतात, मुंबईच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर जातात. हिरवळ त्यांना धरून ठेवीत नाही. कारखान्याला गावचा मजूर नको असतो, कारण गावच्या मजुराला घर असते, नातलग असतात, रात्री ट्रक आला तर तो नाही म्हणू शकतो. उचलीने बांधलेला, फडाच्या कडेला खोपटात राहणारा, हंगाम संपताच निघून जाणारा परका मजूर सोयीचा. म्हणजे पावसाने माणसाला घराबाहेर काढले असेल. त्याला कोठे, कोणाच्या जागी आणि कोणत्या अटींवर बसवायचे हे पावसाने ठरविले नाही.

मानवी भूगोल वयात आला तो येथे, असे माझे मत आहे. पाश्चात्य विद्यापीठांतही हे वळण याच सुमारास आले. डेव्हिड हार्वे या इंग्रज भूगोलज्ञाने १९६९ मध्ये शास्त्राच्या काटेकोर पद्धतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि चारच वर्षांनी सामाजिक न्याय व शहर या विषयावर दुसरा, ज्यात त्याने विचारले की शहरातली जागा अशी वाटली जाते ती कोणाच्या हितासाठी. स्त्री-अभ्यासकांनी पुढे आणखी एक फट दाखविली. ‘कोयत्या’तली अर्धी व्यक्ती बाई असते, पण मुकादमाच्या वहीत नाव पुरुषाचे. जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण ‘विवाह’ म्हणून नोंदलेले असते. लग्न करून सुरतेस आलेली आणि घरी बसून साड्यांचे धागे कापणारी, टिकल्या चिकटविणारी बाई त्या नोंदीप्रमाणे कामासाठी आलेलीच नसते.

सुरतेची लोकसंख्या १९६१ मध्ये तीन लाखांच्या आत होती. २०११ मध्ये, विस्तारलेल्या हद्दीत, ती ४४ लाखांवर गेली. मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ आठवते. शाळेत तेवढेच शिकविले जाते, त्याला इलाज नाही. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली येथे खानदेशातून आलेल्यांनी जी सुरत वसविली, तिचा धडा अजून कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेला नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने काही लाख माणसांनी हे शहर सोडले. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांना सोडावेसे वाटूनही सोडता आले नाही. घराकडची वाट केव्हा उघडी आणि केव्हा बंद, हेही तिसरेच कोणी ठरवीत असते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी तिची मिरवणूक निघते, तेव्हा विसर्जनाला तापी इथेही असते. नदी तीच आहे, मुलताईहून निघून खानदेश ओलांडून आलेली. १९७२ पासून मध्ये उकाईचे धरण उभे आहे, एवढेच.

या धड्याचे साधन कोठे मिळेल असे मला विचाराल, तर कोणत्याही जुन्या शाळेच्या कपाटात ते असते. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. मुलाचे जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडल्याचे कारण, असे रकाने त्यात ओळीने असतात. नावे झाकून केवळ गावे आणि तारखा उतरवून घेतल्या तरी पन्नास वर्षांत कोणत्या तालुक्यातून माणसे केव्हा येऊ लागली, दुष्काळाच्या वर्षी अधिक आली की नवे माग सुरू झाल्यावर, ते दिसू लागेल. मधल्या महिन्यांत कमी झालेली मुले कोणती, तेही दिसेल. ‘कारण’ या रकान्यात बहुधा दोनच शब्द असतात, ‘गावी गेल्यामुळे’. कोणत्या गावी, कोणाबरोबर आणि परत कधी, यासाठी तेथे जागा नसते. ते त्या मुलांना, म्हणजे आज येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना, विचारावे लागेल.